नऊ बाराचे नरसिंगराव

नरसिंगराव कौठेकर गेले त्याला आता सव्वा वर्ष होईल. शोकसभेत चौघं बोलले आणि चौघांनीही त्यांना 'वक्तशीर' म्हटलं. मला उठून सांगावंसं वाटत होतं, की बाबांनो, वक्तशीर माणूस वेळेवर येतो आणि बाकीच्यांची वाट बघत बसतो. नरसिंगराव वेळेवर यायचे आणि जे आले नाहीत त्यांच्या वाटणीचंही स्वतःच उरकून टाकायचे. पण शोकसभेत हे कसं बोलणार? मी चहा प्यायले, घरी आले. म्हणून आता लिहिते आहे.

हैदराबादेत विद्यानगरजवळ आमचं एक छोटं स्टेशन आहे. नाव सांगत नाही. रेल्वे ते विसरायच्या बेतात आहे, उगीच आठवण कशाला करून द्यायची. एक फलाट, एक तिकीट खिडकी, एक कडुनिंब आणि तीन बाकडी. ह्या गाड्यांना चार इंग्रजी अक्षरांचं सरकारी नाव आहे, आम्ही सरळ लोकल म्हणतो. मेट्रो झाली तशी तरणी मंडळी मेट्रोकडं पळाली. आमच्या स्टेशनाचा गुण एवढाच, की फलाट रस्त्याच्या पातळीला आहे, पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. त्यामुळं ज्यांचे गुडघे गेले ती सगळी मराठी, तेलुगू, उर्दू पेन्शनर मंडळी इथं जमायची, आणि त्यांच्यात नोकरीवाली मी एकटी. लिंगमपल्लीच्या बाजूला एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. आमची तिकडं जाणारी सकाळची एकच गाडी, नऊ बाराची. म्हणजे फळ्यावर नऊ बाराची. खरोखरची साडेनऊच्या पुढं, तिच्या मनाला येईल तेव्हाची.

नरसिंगरावांनी चौतीस वर्षं तारनाक्याकडच्या एका रेल्वे कचेरीत वेळापत्रकाची प्रुफं तपासली. गाड्या ड्रायव्हर चालवतो हा तुमचा-आमचा गैरसमज. गाड्या नरसिंगराव चालवायचे, लाल पेन्सिलीनं. आमच्या लोकलच्या वेळापत्रकाचं पहिलं पान त्यांच्याच हाताखालून गेलेलं, त्यामुळं नऊ बारावर त्यांचा खास जीव. नऊ पाचला ते फलाटावर हजर. इस्त्रीचा पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत मराठी पेपर, पाण्याची बाटली आणि कागदात बांधलेली दोन उस्मानिया बिस्किटं. नऊ अकराला उठायचे. नऊ बाराला पिवळ्या रेषेशी जाऊन उभे राहायचे, डावा पाय पुढं, उजवा हात दांडा धरायच्या तयारीत. समोर रिकामे रूळ, पलीकडच्या भिंतीवर कोचिंग क्लासची जाहिरात. बरोबर एक मिनिट तसे उभे राहायचे आणि परत येऊन बाकड्यावर बसायचे.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. मी म्हटलं, "काका, गाडी आली नै अजून."

"दिसतंय मला."

"मग उभे कशाला राहिलात?"

"माझी वेळ झाली, मी उभा राहिलो. तिची ती बघेल."

मी पुस्तकात तोंड घातलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. महिनाभरानं मी नऊ बाराला त्यांच्याकडं बघून आपलं घड्याळ लावायला लागले.

हा प्रकार फलाटापुरता असता तर ठीक. आमच्यात दिगंबरराव नावाचे वकील आहेत. जामबागेत चार पिढ्यांची वकिली, घरात कायद्याची पुस्तकं आणि बाहेर सत्काराची हौस. हैदराबादेत मराठी माणसाचा कुठलाही कार्यक्रम वकीलसाहेबांच्या प्रास्ताविकाशिवाय झालेला नाही. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, मुहूर्त अकरा त्रेचाळीसचा. अकरा त्रेचाळीसला नवरी पार्लरमध्ये, नवरा काचीगुड्याच्या चौकात घोड्यावर अडकलेला आणि गुरुजी फोनवर दुसऱ्या लग्नाची दक्षिणा ठरवताहेत. पुढच्या रांगेतून नरसिंगराव उठले. मोठ्यानं 'शुभमंगल सावधान' म्हणाले, रिकाम्या स्टेजवर अक्षता टाकल्या आणि जेवणाच्या हॉलमध्ये जाऊन पानावर बसले. आचारी अजून कांदे चिरत होते. वकीलसाहेब दीड वर्ष त्यांच्याशी बोलले नाहीत. मी नरसिंगरावांना विचारलं तर म्हणाले, "पत्रिकेत अकरा त्रेचाळीस छापलंय. मी पत्रिका वाचून गेलो होतो. बाकीच्यांनी वाचली नसेल तर माझा काय इलाज?"

तर असा हा माणूस. आता वाटेल, पेन्शनीत निघाल्यावर रोज नऊ बाराची धरून जायचे कुठं? लिंगमपल्लीच्या अलीकडं, चंदानगरला, अक्काकडं.

अक्का त्यांची थोरली बहीण, सत्त्याऐंशी वर्षांची. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले, बाकी तब्येत ठणठणीत आणि जीभ त्याहून. लेकाच्या घरी राहायच्या, घरात माणसं भरपूर, कुणी वाईट वागवत नव्हतं. पण अक्काला लागायचा पेपर, मराठी, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. आणि त्या भरल्या घरात मराठी वाचणारं कुणी नव्हतं. लेक इंग्रजीत शिकलेला, सून बिदरची, कन्नड शाळेतली. नातवंडं म्हणायची, "आज्जी, बोलना आता है, पढना नै आता." एकदा मोठ्या नातीनं हौसेनं वाचायला घेतलं. 'मुख्यमंत्र्यांचे आश्वासन' एवढं वाचायला तिला जितका वेळ लागला तितक्यात ते आश्वासन मोडूनही झालं असतं. अक्का म्हणाल्या, "ठेव बाई, नरसू येईल."

नरसू रोज यायचा. मराठी पेपर कोठी भागातल्या स्टॉलवर दुपारी उतरतो, त्यामुळं अक्काला सकाळी मिळायचा तो कालचा. मिनिटाचा हिशोब ठेवणाऱ्या माणसानं रोज शिळा पेपर वाचून दाखवायचा, ह्यावरून मी त्यांना एकदा चिडवलं होतं. ते हसले नाहीत. म्हणाले, "अक्कानं मला पाटीवर अक्षरं शिकवली. आई शेतात असायची. मी वाचतो ते तिचंच वाचतो." मग पिशवीतली बिस्किटं मोडली तर नाहीत ना, हे बघत बसले.

चंदानगर पंचवीस किलोमीटर. रोज रिक्षा पेन्शनीत बसत नाही. पुढच्या स्टेशनावर जावं तर तिथं सत्तावन्न पायऱ्यांचा पूल, चढून परत उतरायचा. नरसिंगरावांचे गुडघे दहा पायऱ्यांत बोलायला लागायचे. म्हणजे नऊ बारा आमच्या स्टेशनावर थांबते तोवर अक्काचा पेपर. हे सगळ्या फलाटाला माहीत होतं.

आणि एक दिवस तिकीट खिडकीच्या काचेवर कागद लागला. ह्या स्टेशनावर प्रवासी फार कमी आहेत, तेव्हा नऊ बाराचा थांबा ठेवायचा की काढायचा ते ठरवण्यासाठी तीन दिवस चढणारी माणसं मोजली जातील. मोजणीचे दिवस रविवार, सोमवार, मंगळवार. रविवारी आम्ही पेन्शनर मंडळी कशाला जातोय? सोमवार बोनालूच्या सणाच्या दुसऱ्या दिवसाचा, राज्यभर सुट्टी. त्या दोन दिवसांत मिळून तीन माणसं चढली, त्यांत नरसिंगराव दोनदा. राहिला मंगळवार.

सोमवारी संध्याकाळी वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात बैठक झाली. चाळीसेक माणसं. खरं तर ठरवायचं एवढंच होतं, की उद्या सगळ्यांनी या आणि गाडीत चढा. पण चाळीस मराठी माणसं जमवून एवढंच ठरवून घरी जायचं म्हणजे कसंसंच वाटतं. वकीलसाहेब म्हणाले, "जो मोजायला येणार तोही माणूस आहे. त्याचा आपण सत्कार करू. माणूस शाल घेऊन गेला की वाईट लिहीत नाही, हा माझा कोर्टाचा अनुभव आहे." झालं. फलाटावर खुर्च्या, माइक, दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, शाल-श्रीफळ, मनोगत, आभार. कार्यक्रमपत्रिका मी टाइप केली. हो, मीच. मनोगत नरसिंगरावांचं, कारण रेल्वेची नोकरी आणि अक्का, दोन्ही त्यांचीच.

नरसिंगरावांनी पत्रिका वाचली, एक काना दुरुस्त केला आणि म्हणाले, "नऊला सुरुवात. बारा मिनिटांत एवढं होत नाही."

सगळे हसले. मी म्हटलं, "काका, अकरा वर्षं झाली, साडेनऊच्या आत ही गाडी मी बघितली नै."

"उद्या आली तर?"

"काही येत नाही. तुम्ही निवांत पाच मिनिटं बोला. अक्काबद्दल बोला, त्याचा परिणाम होईल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. वकीलसाहेबांशी ते भांडले असते, माझ्याशी भांडले नाहीत. "बरं," म्हणाले, "तू म्हणतेस तर बोलतो." त्या माणसानं आयुष्यात एकदाच छापलेल्या वेळेपेक्षा कुणाच्या शब्दावर जास्त विश्वास ठेवला, आणि तो शब्द माझा.

मंगळवारी मोजायला आले ते जब्बारभाई. सडपातळ, अबोल माणूस, हातात पॅड, खिशाला पेन. त्यांना वाटलं होतं खांबाला टेकून उभं राहावं, रेघा ओढाव्यात, जावं. आम्ही त्यांना धरून मधल्या खुर्चीत बसवलं. "साब, मेरेकू गिनना है," ते म्हणत होते. "गिनो ना, आराम से गिनो," असं म्हणत वकीलसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली, एका हातात नारळ दिला, दुसऱ्या हातात गुच्छ, आणि पेन-पॅड स्वतःच्या मांडीवर सांभाळायला घेतलं. वाऱ्यानं समई चार वेळा विझली. स्वागतगीत झालं. प्रास्ताविकात वकीलसाहेब निजामाच्या काळातल्या रेल्वेपासून निघाले आणि माइक नरसिंगरावांच्या हाती आला तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

नरसिंगराव चांगलं बोलत होते. संथ, नीट, सगळे विराम जागच्या जागी. अक्काचं सांगत होते. माझ्या शेजारच्या लक्ष्मी आंटींना मराठी फारसं कळत नव्हतं, तरी त्यांनी पदर डोळ्याला लावला होता. आणि नऊ बाराला गाडी आली.

विश्वास बसणार नाही, पण आली. मोजणीच्या दिवशी आपणही नीट वागावं असं गाडीला वाटलं असेल, कोण जाणे. शिट्टी नाही, घोषणा नाही, सरळ येऊन उभी राहिली. आणि आम्ही चाळीस माणसं, तिच्यात चढायला जमलेली, तिच्याकडं शांतपणे बघत बसून राहिलो. कारण नऊ बाराला येणारी गाडी नऊ बाराची असूच शकत नाही, ह्याबद्दल आमच्यात दुमत नव्हतं. माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "ही आठ पन्नासची मेडचल असणार." मीसुद्धा मान हलवली. ज्यांना शंका आली तेही उठले नाहीत, कारण वडीलधारं माणूस बोलतंय, पाहुणा समोर बसलाय, आणि विषय अक्काचा. अशा वेळी खुर्ची सरकवून उठायचं हे आमच्या कुणाच्या वळणात नाही.

नरसिंगरावांना मात्र कळलं होतं. मी त्यांच्या पायाकडं बघितलं म्हणून सांगते. डावा पाय पुढं आला, माइकच्या दांड्याला लागला आणि थांबला. वाक्य अर्धं झालं होतं. चौतीस वर्षं अर्धवट वाक्य त्यांनी पुढं जाऊ दिलं नव्हतं. लोकांना असं मध्येच सोडून कसं जायचं, हेही असेल. त्यांनी वाक्य पुरं केलं. त्याला अर्धं मिनिट लागलं आणि आमच्याकडं गाडी तेवढीच थांबते. दारं समोरून सरकत गेली तेव्हा डब्यावरचं 'लिंगमपल्ली' सगळ्यांनी वाचलं. नरसिंगरावांनी माइक खाली ठेवला. टाळ्या वाजवाव्यात की नाही कुणाला कळेना, दोघा-तिघांनी वाजवल्या.

जब्बारभाईंनी नारळ खुर्चीखाली ठेवला, वकीलसाहेबांच्या मांडीवरून पॅड घेतलं आणि रिकाम्या रकान्याकडं बघत बसले.

मी म्हटलं, "भाई, हम सब रोज जाते. तुमको मालूम है."

"मालूम है बाजी. मगर आज चढा कौन?" ते म्हणाले. मग इकडंतिकडं बघून हळू आवाजात, "बोलो तो चालीस लिख देतौं. लोगां तो चालीस हैच ना. मेरा क्या जाता."

वकीलसाहेब म्हणाले, "लिखो, लिखो. अल्ला भला करेगा." मी म्हटलं, लिहा. सगळ्यांनी माना डोलावल्या. शाल खरंच लागू पडली होती.

"नको," नरसिंगराव म्हणाले. "जब्बारसाहेब, जो हुआ वो लिखो. कोई नहीं चढा."

"अहो कौठेकर," वकीलसाहेब म्हणाले, "चाळीस माणसं तुमच्यासमोर बसलीत. खोटं काय आहे त्यात?"

"बसलीत. चढली नाहीत. रकान्यात 'चढलेले' असं छापलंय."

"आणि अक्का?" मी विचारलं.

त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "अक्काचं मी बघतो," म्हणाले.

जब्बारभाईंनी शून्य लिहिलं. लिहिताना त्यांचा चेहरा आमच्यापेक्षा पडला होता. शाल घडी करून परत द्यायला लागले, ती मात्र कुणी घेतली नाही.

मला नरसिंगरावांचा इतका संताप आला की चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्या तत्त्वाचं काय लोणचं घालायचंय, असं घरी बडबडत होते. खरा राग कुणाचा आला होता ते मला कळत होतं. पण स्वतःशी अबोला धरता येत नाही, म्हणून त्यांच्याशी धरला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून थांबा गेला. आमच्या मराठी मंडळानं निषेधाचा ठराव केला, ठरावासोबत फोटो काढला, फोटोत वकीलसाहेब मधोमध. मग मंडळी पांगली. कुणी मेट्रोच्या लिफ्टची सवय करून घेतली, कुणी जायचंच बंद केलं. मी दुसऱ्याच्या कारमधून भाड्याचा वाटा देऊन जायला लागले. नरसिंगरावांबद्दल कुणी म्हणायचं, आता फोनवरून वाचून दाखवतात. कुणी म्हणायचं, अक्काच्या नातवाला मराठी शिकवायला घेतलंय. मी विचारायला गेले नाही. धीर झाला नाही.

चार-पाच महिन्यांनी एका शनिवारी ते मला बसस्टॉपवर दिसले. दहा वाजायला आले होते. सदरा इस्त्रीचा, पिशवी खांद्याला. बायकांना तिकीट माफ झाल्यापासून आमच्याकडच्या बसमध्ये पुरुषमाणसाला पाय ठेवायला जागा मिळत नाही. दोन बस आल्या, त्यांनी दांड्याकडं हात नेला आणि मागं घेतला. मी जवळ गेले तर म्हणाले, "पुढची रिकामी असेल." तिसऱ्या बसला मी त्यांना दंडाला धरून वर चढवलं आणि मागून मीही चढले. कॉलेजला सुट्टी होती, खोटं बोलायचं कारण नाही. पण सुट्टी नसती तरी त्यांना तसं सोडून जाववलं नसतं.

सिकंदराबादला बस बदलली. दुसऱ्या बसमध्ये ते पाऊण तास दांड्याला धरून उभे होते, मग एका बाईनं उठून जागा दिली. उतरल्यावर चंदानगरच्या हमरस्त्यापासून अक्काच्या घरापर्यंत पंधरा मिनिटांची वाट ते तीनदा थांबत चालले. वाटेत मी म्हटलं, "काका, रोज असं?" ते म्हणाले, "रोज नाही. आठवड्यात चार दिवस जमतं." मला म्हणायचं होतं की चूक माझी होती. शब्द तोंडाशी आले, आणि त्यांचा श्वास इतका लागला होता की त्यांना उत्तर द्यायला लावणं बरं वाटलं नाही.

पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. अक्का खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या. सुनेनं सांगितलं, अकरापासून तशाच बसल्यात, पेपर झाल्याशिवाय जेवत नाहीत.

"नरसू?" अक्का म्हणाल्या.

"हो."

"आजपण उशीर. काय झालं रे?"

"गाडी लेट होती," नरसिंगराव म्हणाले.

मी दाराशीच थांबले. एक आकडा खोटा लिहू न देणारा हा माणूस, आणि चार महिने अक्काला हेच सांगत आला होता. थांबा गेलाय, बस बदलतो, गुडघे राहिले नाहीत, ह्यातलं काही अक्काला माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, येऊ नकोस.

"बरोबर कोण आहे?" अक्कांनी विचारलं.

"आमच्या गाडीतली आहे. कॉलेजात असते."

अक्कांनी माझ्या दिशेनं मान वळवली. "काय गं, हा सांगतो ते खरं का? रोज एवढी लेट असते गाडी?"

नरसिंगराव माझ्याकडं बघत नव्हते. पिशवीतून पेपर काढून ते चष्मा पुसत होते, आणि तो हात थांबला.

"हो अक्का," मी म्हटलं. "फार लेट असते."

"मेली," अक्का म्हणाल्या. "वाच रे नरसू."